सांध्यातले पाणी आणि रक्तातला आकडा

एखादा सांधा अचानक सुजला, लाल झाला, हात लावू देईना, की रक्तातले युरिक ॲसिड तपासायचे. आकडा वाढलेला निघाला तर ‘गाऊट’, नाही तर ‘वात’ म्हणून मोकळे व्हायचे. वर्धा जिल्ह्यातही हे सर्रास चालते. रिपोर्ट स्वस्त आहे, तासाभरात मिळतो, हे त्याचे समर्थन. पण युरिक ॲसिड वाढलेल्या बहुतेकांना गाऊट कधीच होत नाही, आणि खऱ्या गाऊटच्या ऐन झटक्यात तोच आकडा नॉर्मल येऊ शकतो. झटका ओसरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी रक्त पुन्हा तपासावे लागते.

निदान सांध्यातल्या पाण्यात असते. 1961 मध्ये मॅकार्टी आणि हॉलंडर या संशोधकांनी ते पाणी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून दाखवले. गाऊटमध्ये पांढऱ्या पेशींच्या पोटात सुईसारखे, लखलखणारे स्फटिक दिसतात. म्हाताऱ्या गुडघ्यात पुष्कळदा आखूड, चौकटीसारखे कॅल्शियमचे स्फटिक निघतात. त्या दुखण्याचा युरिक ॲसिडशी संबंधच नसतो.

‘गुडघ्यातले पाणी काढले की सवय लागते’ हा समज मात्र हटत नाही. पाणी पुन्हा भरते ते मूळ आजार तसाच राहिल्यामुळे, सुईमुळे नव्हे. उलट आत पू असेल तर काही दिवसांत कूर्चा कायमची जाते. म्हणून ताप आणि एकच तापलेला सांधा असेल, तर पाणी न तपासता स्टेरॉइडचे इंजेक्शन देणे हा जुगार आहे. स्फटिक सापडले म्हणून जंतू नाहीत, असेही होत नाही. दोन्ही एकत्र असू शकतात. सेवाग्राम आणि सावंगी इथे वैद्यकीय महाविद्यालये असलेल्या जिल्ह्यात या तपासणीसाठी नागपूर गाठायची गरज नाही.

आक्षेप निघेल, की चिकुनगुनियात पाणी काढून काय मिळणार? आक्षेप रास्त आहे. बार्शीच्या 1973 च्या साथीनंतर तीसेक वर्षे गप्प राहिलेला हा विषाणू 2006 मध्ये विदर्भात पसरला. मनगटे, बोटे, घोटे दोन्ही बाजूंनी आखडतात, सकाळी मूठ वळत नाही. कापूस वेचणाऱ्या बाईचा हंगाम त्यात जातो. तिथे तापाची तारीख विचारावी, आठवडा उलटल्यावर आयजीएम प्रतिपिंडांची तपासणी करावी. डेंग्यू नाही याची खात्री होईपर्यंत पॅरासिटामॉलवरच भागवावे. जुलाब किंवा लघवीच्या संसर्गानंतर एक ते चार आठवड्यांनी गुडघा-घोटा सुजला, सोबत डोळे लाल झाले, तर ती प्रतिक्रियात्मक सूज. सांध्यात जिवंत जंतू नसतात, त्यामुळे प्रतिजैविकांचे कोर्सामागून कोर्स सहसा व्यर्थ जातात.

गाऊटच्या पथ्याच्या नावाखाली तुरीचे वरण आणि पालक बंद करणे हे मजुराच्या ताटातून प्रथिने काढून घेणे आहे. 2004 च्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात मांस आणि मासळीने गाऊटचा धोका वाढलेला दिसला, प्युरीन असलेल्या भाज्यांनी नाही. दुधाने तो घटला. बिअरने वाढतो. जिल्ह्यात दारूबंदी आहे, पण ती रोगाला लागू नाही.

गाऊटच्या झटक्यात कोल्चिसिन कमी मात्रेत, शक्यतो पहिल्याच दिवशी. मूत्रपिंड अशक्त असेल तर वेदनाशामके जपून. झटके वारंवार येत असतील तर ॲलोप्युरिनॉल 100 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरू करून रक्तातले युरिक ॲसिड 6 मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली येईपर्यंत वाढवतात. अंगावर पुरळ उठले तर गोळी तत्काळ थांबवावी. एरवी झटका आला म्हणून ती बंद करू नये.