विश्लेषण : घर एक, व्हिसे चार... कॅनडात 'नवागत' नेमके कोण? मदत कोणाला मिळते, दाराबाहेर कोण राहते?

समजा, टोरोंटोजवळच्या मिसिसागा शहरात एका मराठी कुटुंबाचे घर आहे. मुलगा कॅनडाचा स्थायी रहिवासी, म्हणजे 'पीआर'. सून त्याच्या प्रायोजकत्वावर आलेली, तीही पीआर. सांगलीहून आलेली आई सुपर व्हिसावर. तळघरातल्या खोलीत कॉलेजात शिकणारा मामेभाऊ, स्टुडंट परमिटवर. चौघांनाही भाषा, बस, डॉक्टर, बँक, थंडी सगळे नवे आहे. पण केंद्र सरकारच्या पैशातून चालणाऱ्या मदत केंद्राचे दार उघडते फक्त दोघांसाठी. हे असे का आणि हा नियम बदलायला हवा का?

ही मदत केंद्रे काय करतात?

कॅनडात २०२१ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येच्या २३ टक्के लोक स्थलांतरित आहेत. त्याआधीच्या पाच वर्षांत आलेल्यांमध्ये सर्वाधिक भारतात जन्मलेले होते. या लोकांना रुळावर आणण्याचे बरेचसे काम सरकारी कचेऱ्या नव्हे, तर ना-नफा संस्था करतात. सरकार पैसा देते, संस्था काम करतात. अशा पाचशेहून अधिक संस्था देशभर आहेत. क्यूबेक प्रांत मात्र १९९१ च्या करारानुसार आपली व्यवस्था स्वतः पाहतो.

यातल्या अनेक संस्था स्थलांतरितांनीच उभ्या केल्या. व्हँकुव्हरची 'सक्सेस' ही संस्था १९७३ मध्ये चिनी समाजातून सुरू झाली आणि पुढे सर्वांसाठी खुली झाली. टोरोंटोच्या पश्चिमेकडील पील भागात १९८५ मध्ये 'इंडिया रेनबो' नावाने दक्षिण आशियाई समाजासाठी सुरू झालेली संस्था आज 'इंडस कम्युनिटी सर्व्हिसेस' म्हणून ओळखली जाते.

केंद्रात गेल्यावर आधी गरज विचारली जाते. मग इंग्रजी किंवा फ्रेंचचे मोफत वर्ग, बायोडेटा आणि मुलाखतीची तयारी, फॉर्म भरण्यास मदत, दुभाषी, शाळाप्रवेश, डॉक्टर शोधणे अशी कामे होतात. पीआर मंजूर झालेल्यांना यातल्या काही सेवा भारतातून निघण्यापूर्वी ऑनलाइनही मिळतात.

महिलांसाठी हे का महत्त्वाचे?

वर सांगितलेल्या घरातली सून घ्या. इंग्रजी वर्ग मोफत आहे, पण दोन वर्षांचे मूल कुठे ठेवायचे? १९९२ पासून चालणाऱ्या 'लिंक' या भाषावर्ग योजनेत अनेक ठिकाणी मुलांना सांभाळण्याची सोय आहे. ती नसेल तर वर्ग कागदावर मोफत असूनही आईसाठी बंदच असतो.

दुसरा प्रश्न घराच्या आतला. ऑक्टोबर २०१२ मध्ये कॅनडाने नियम केला की प्रायोजित जोडीदारांपैकी अनेकांनी दोन वर्षे एकत्र राहिले, तरच पीआर टिकेल. छळ होत असेल तर सवलत होती, पण ती सिद्ध करण्याचा भार पीडितेवर होता. महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी त्यावर टीका केली आणि एप्रिल २०१७ मध्ये ही अट रद्द झाली. तरीही 'तुझा पीआर माझ्या हातात आहे' ही धमकी नियमाबरोबर संपत नाही. ती पोकळ आहे, हे त्या बाईला तिच्या भाषेत सांगणारे कोणी तरी लागते. ते काम ही केंद्रे करतात. पीआर अजून न मिळालेल्या आणि जोडीदाराच्या छळात अडकलेल्यांसाठी २०१९ पासून तात्पुरत्या वास्तव्य परवान्याचीही तरतूद आहे.

तरुणांचे काय?

पीआर कुटुंबातील मुलांसाठी अनेक शाळांमध्ये सेटलमेंट वर्कर असतात. इंग्रजी लवकर शिकलेली मुलेच बहुतेकदा आईवडिलांची दुभाषी होतात. बँकेत, दवाखान्यात, घरमालकाशी तीच बोलतात. बारा वर्षांच्या मुलीने आईचा आजार डॉक्टरला समजावून सांगणे हे कौतुकाचे नाही, ते व्यवस्थेचे अपयश आहे.

स्टुडंट परमिटवरील तरुणांची स्थिती वेगळी. राहण्या-खाण्याच्या खर्चापोटी दाखवायची रक्कम वर्षानुवर्षे १० हजार डॉलर होती. जानेवारी २०२४ मध्ये ती २० हजार ६३५ डॉलर झाली. म्हणजे आधीचा आकडा अपुरा होता, हे सरकारनेच मान्य केले. कॉलेज सुरू असताना बाहेर आठवड्याला २४ तासच काम करता येते. भाडे थकले, मालकाने पगार बुडवला किंवा मन खचले, तर केंद्राच्या निधीतून चालणारी सेवा या मुलांना सहसा मिळत नाही.

आणि आई-वडिलांचे?

आई-वडिलांना पीआर मिळवून देण्याचा मार्ग अरुंद आहे. त्यामुळे अनेक घरे सुपर व्हिसाचा आधार घेतात. २०११ मध्ये सुरू झालेल्या या व्हिसावर २०२२ पासून एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येते. किमान एक लाख डॉलरचा आरोग्य विमा मात्र लागतो. पाच वर्षे राहिले तरी कागदोपत्री हे लोक 'पाहुणे'च. भाषावर्ग नाही, सेटलमेंट वर्कर नाही.

पीआर मिळालेल्या ज्येष्ठांचीही वाट सोपी नसते. सरकारी वृद्धत्व पेन्शनसाठी साधारण दहा वर्षे कॅनडात राहिलेले असावे लागते. तोवर सगळा भार मुलांवर. आयुष्यभर घरखर्च सांभाळलेल्या आईला बसच्या तिकिटासाठी सुनेकडे पैसे मागावे लागतात. बाहेर बर्फ, घरात सगळे कामावर, बोलायला फक्त फोन. अशा वेळी आठवड्यातून एकदा भरणारा ज्येष्ठांचा गट हा विरंगुळा नसतो, आधार असतो.

मग दार दोघांसाठीच का?

केंद्राच्या निधीतील सेवा मुख्यतः पीआर आणि संरक्षण मिळालेल्या निर्वासितांसाठी आहेत. विद्यार्थी, वर्क परमिटवरील कामगार आणि पाहुणे सहसा त्यात बसत नाहीत. ब्रिटिश कोलंबियासारखे काही प्रांत आपल्या निधीतून यातल्या काहींना सामावून घेतात, पण ते प्रांतागणिक बदलते.

सरकारी बाजू अशी की, करदात्यांचा पैसा कायम राहणाऱ्यांवर खर्च व्हावा. विद्यार्थ्यांची जबाबदारी कॉलेजची, कामगारांची मालकाची आणि पाहुण्यांची यजमानाची. हा युक्तिवाद अगदीच चुकीचा नाही. पण तो अर्धाच आहे. २००८ पासून कॅनडाने आपल्याकडे काम केलेल्यांना पीआर देण्याचा वेगळा मार्ग ठेवला आहे. म्हणजे आजचा विद्यार्थी हाच उद्याचा स्थायी रहिवासी. तो कर भरतो, भाडे भरतो. त्याला सर्वाधिक मदत हवी असते ती पहिल्या सहा महिन्यांत, पाच वर्षांनी पीआर हाती आल्यावर नाही.

नियम वाकवता येतो, हेही दिसले आहे. २०२२ नंतर आलेल्या युक्रेनियन नागरिकांकडे तात्पुरतेच परवाने होते, तरीही त्यांना या सेवा काही काळ खुल्या केल्या गेल्या. ते योग्यच होते. गरज पाहून दार उघडता येते, हेच त्यातून सिद्ध झाले.

आता चिंता कशाची?

२०२५ साठीचे पीआरचे लक्ष्य ५ लाखांवरून ३ लाख ९५ हजारांवर आले. २०२६ साठी ते ३ लाख ८० हजार आहे. संस्थांच्या निधीचे गणित नव्या पीआरच्या संख्येशी बांधलेले असल्याने कात्री तिथेही लागली. अनेक संस्थांना भाषावर्ग आणि कर्मचारी कमी करावे लागले. पण २०२३ मध्ये ज्या ४ लाख ७० हजारांहून अधिक लोकांना पीआर मिळाला, त्यांची गरज नव्या लक्ष्याबरोबर घटत नाही. येणाऱ्यांची संख्या एका निर्णयाने कमी करता येते. आलेल्या माणसाची भाषा शिकण्याची गती तशी वाढवता येत नाही.

मार्ग काय?

पात्रता व्हिसाच्या शिक्क्याबरोबर गरजेवरही ठरावी. किमान माहिती, छळातून सुटका आणि मूलभूत भाषावर्ग एवढे तरी सर्वांना खुले हवे. निधी तीन-चार वर्षांच्या सरासरीवर ठरला, तर वर्ग एकाएकी बंद पडणार नाहीत. अडथळे हटवता येतात, याचे उदाहरण अभियंत्यांचेच आहे. ओंटारियोच्या अभियंता परवाना संस्थेने मे २०२३ मध्ये 'कॅनडातील अनुभवा'ची अट काढून टाकली.

तिथल्या मराठी मंडळांनाही यात वाटा उचलता येईल. गणेशोत्सवाला आणि दिवाळी फराळाला जमणाऱ्या गर्दीत नवी सून, एकटा विद्यार्थी आणि घरात बसून राहणारी आजी हमखास भेटतात. सेवा पुरवणे मंडळाचे काम नसेल, पण 'कुठे जायचे' हे सांगणे नक्कीच जमू शकते.

निघण्यापूर्वी काय कराल?

पीआर मंजूर असेल तर भारतात असतानाच मोफत ऑनलाइन सेवांसाठी नोंदणी करा. तिथे पोहोचल्यावर २११ हा क्रमांक लक्षात ठेवा. जवळची सामाजिक सेवा कुठे मिळेल, हे तिथे सांगतात. प्रायोजकत्वावर जाणाऱ्या प्रत्येकीने पासपोर्ट आणि पीआरची कागदपत्रे स्वतःजवळ ठेवावीत, त्यांच्या प्रतीही काढाव्यात. आई-वडिलांना सुपर व्हिसावर बोलावणाऱ्यांनी विम्याबरोबर आणखी एक चौकशी करावी : आठवड्यातून एक दिवस ते घराबाहेर कुठे जाऊ शकतील, कोणाशी बोलू शकतील?

मिसिसागातल्या त्या घरात चौघांनाही बाहेरची थंडी सारखीच लागते. मदतीचे दार उघडताना आधी व्हिसा पाहायचा की माणूस, हे कॅनडाला ठरवावे लागेल.