साडेतीन फुटांवरून नाशिक

दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस कुठे जावे, हा विषय घरात निघाला, की मोठ्या माणसांच्या डोळ्यांपुढे यादी उभी राहते आणि मुलांच्या डोळ्यांपुढे आगगाडीची खिडकी. शेवटी जिंकते ती यादीच. नाशिकची यादी तर तयारच असते : रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन, सोमेश्वर, मुक्तिधाम, पांडवलेणी आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात त्र्यंबकेश्वर. रिक्षा ठरते, मंडळी चढतात, उतरतात, हात जोडतात आणि पुन्हा चढतात. संध्याकाळी यजमान समाधानाने म्हणतात, "चला, सगळे पाहून झाले!" मग पाच वर्षांच्या चिरंजीवांना विचारावे, "बाळ, काय काय पाहिलेस?" तर उत्तर येते, "माकडाने आजीची केळी पळवली!"

त्या मुलाला नावे ठेवण्याचे कारण नाही. पाच वर्षांच्या मुलाची उंची असते साधारण साडेतीन फूट. देवळाच्या गर्दीत एवढ्या उंचीवरून दिसणार ते लोकांचे गुडघे आणि हातांतल्या पिशव्या. शिखरावरची नक्षी आपण बोट दाखवून त्याला पाहायला लावतो. तो पाहतो आणि विसरतो, कारण त्या नक्षीचे त्याला काही करता येत नाही. लहान मूल हातापायांनी पाहते. त्याला चढायला, वाकायला, मोजायला आणि विचारायला काहीतरी हवे. म्हणून लहान मूल बरोबर असेल, तर यादी खुशाल चौथाईवर आणावी. एका सकाळी एकच ठिकाण आणि दुपारी सक्तीची झोप, एवढा नियम पाळला, की नाशिकसारखे गाव नाही.

आरंभ अर्थातच गोदाघाटापासून करावा आणि तो उन्हे चढायच्या आत. घाटावर मुलाला पहिल्याने भेटवावा तो दुतोंड्या मारुती. दोन बाजूंना दोन तोंडे असलेला हा मारुती म्हणजे नाशिककरांची पूर मोजण्याची पट्टी आहे. पावसाळ्यात गोदावरी चढू लागली, की गावात एकच चौकशी सुरू होते : पाणी मारुतीच्या कुठवर आले? गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत, छातीपर्यंत, की गळ्यापर्यंत? १९६९ च्या महापुराच्या गोष्टी जुनी माणसे अजून सांगतात. २०१६ आणि २०१९ च्या पावसाळ्यातही नदी बाजारात शिरली होती. मुलाला मारुतीपुढे उभे करून विचारावे, "पाणी याच्या कमरेला लागले, तर तू कुठे असशील?" ते मान वर करून पाहते, स्वतःच्या डोक्यावर हात ठेवते आणि हळूच आपले बोट घट्ट धरते. पूर म्हणजे काय, हे त्याला कळले. आपणही ते बोट तसेच धरून ठेवावे, कारण घाटाच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात. सिंहस्थाच्या तयारीच्या दिवसांत इकडच्या वाटा बदललेल्या असू शकतात. निघण्यापूर्वी मुक्कामाच्या जागी चौकशी करून घ्यावी.

जवळच नारोशंकराचे देऊळ आहे. १७४७ साली बांधलेल्या या रामेश्वराच्या देवळापेक्षा त्याच्या घंटेचेच नाव मोठे. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून वसई घेतली, त्या विजयाची ती खूण. फिरंग्यांच्या चर्चमध्ये वाजणारी घंटा महादेवाच्या देवळात कशी आली, ही गोष्ट रंगवून सांगितली, तर घंटेखालून मूल हलत नाही. तिथून भांडी बाजारात एक फेरी मारावी. रचून ठेवलेल्या घागरी, कळश्या, तांबे आणि पराती पाहताना मुलाच्या तोंडाकडे पाहावे! घरी फक्त स्टील पाहिलेल्या मुलाला पितळेच्या घागरीत आपलेच फुगलेले तोंड दिसते, यापरती करमणूक नाही. बोळक्यांचा एखादा लहानसा संच दिवाळीची भेट म्हणून घेतलात, तर तो खेळणे म्हणूनही टिकतो.

पंचवटीतली सीतागुंफा मुलांना आवडते, कारण तिथे मोठ्यांना वाकावे लागते आणि त्यांना लागत नाही. बाबा गुडघ्यांवर आलेले पाहण्यातला आनंद काही वेगळाच! मात्र आत जागा अरुंद आहे. आजींना दम्याचा त्रास असेल, तर त्यांनी बाहेर चपला सांभाळाव्या.

काळारामाच्या देवळात पालकांची खरी परीक्षा आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस सरदार ओढेकरांनी बांधवलेले हे काळ्या दगडाचे देऊळ भव्य आहे, अंगण मोठे आहे, मुलांना बागडता येते. परंतु या देवळाची आणखी एक गोष्ट आहे आणि ती लहान मुलांना सांगावी की नाही, असे अनेकांना वाटते. माझे मत, सांगावी. २ मार्च १९३० या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली इथे सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्याबरोबर हजारो माणसे देवाच्या दारात येऊन उभी राहिली आणि त्यांच्यासाठी दार उघडले गेले नाही. सत्याग्रह काही वर्षे चालला, तरीही उघडले नाही. हे ऐकल्यावर मूल विचारते, "का? त्यांनी काय केले होते?"

या प्रश्नाला "तू मोठा झालास की कळेल" असे उत्तर देऊ नये. खरे उत्तर एका वाक्याचे आहे : त्यांनी काहीच केले नव्हते, ज्यांनी दार लावले, त्यांचे चुकले होते. शाळेत डबा खाताना एखाद्याला कुणी शेजारी बसू दिले नाही, तर काय वाटते, हे पाच वर्षांच्या मुलाला पुरते ठाऊक असते. त्याला ही गोष्ट आपल्याहून लवकर समजते. आपण मात्र सावळ्या मूर्तीचे कौतुक करून पुढे सरकतो आणि गोष्ट राहून जाते.

दुसऱ्या सकाळी पांडवलेणी. शहराच्या मध्यापासून आठेक किलोमीटरवर, मुंबईच्या रस्त्याला, त्रिरश्मी डोंगरात ही चोवीस लेणी आहेत. नाव पांडवांचे असले, तरी ती कोरली गेली बौद्ध भिक्षूंसाठी, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी. पायऱ्यांची चढण लहान पावलांना वीस-पंचवीस मिनिटांची. पायऱ्या मोजण्याचे काम मुलाकडे द्यावे. आकडा चुकला, तरी दुरुस्त करू नये. वर गेल्यावर गार दगडावर बसवून पाणी द्यावे आणि भिंतींवरची ब्राह्मी अक्षरे दाखवावी.

बरोबर तिसरी-चौथीतले ताई-दादा असतील, तर त्यांच्यासाठी दहाव्या लेण्यात एक झकास गणित आहे. नहपान राजाचा जावई उषवदात याने भिक्षूंच्या वस्त्रांची कायमची सोय करून ठेवली. त्याने काय केले? गोवर्धनच्या विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापणांची ठेव ठेवली, दरमहा शेकडा एक व्याजाने! मुद्दल मोडायचे नाही आणि व्याजातून वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण वस्त्रांसाठी द्यायचे. आता करा हिशेब : महिन्याला वीस, म्हणजे वर्षाला दोनशे चाळीस, भागिले वीस, बरोबर बारा. दोन हजार वर्षांपूर्वीचा हिशेब पैचीही चूक न होता जुळलेला पाहून मुलेच काय, त्यांचे बँकेत जाणारे वडीलही खूश होतात. पुढे गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला आणि त्याच्याच नाण्यांवर आपले ठसे मारले. नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला १९०६ साली नहपानाच्या तेरा हजारांवर चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर असे दुहेरी ठसे होते. घरी आल्यावर नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायला सांगावे. ठसा म्हणजे काय, ते मग वेगळे शिकवावे लागत नाही.

डोंगराच्या पायथ्याशी दादासाहेब फाळके यांचे स्मारक आहे. फाळके जन्मले त्र्यंबकेश्वरी, १८७० साली. 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला १९१३ मध्ये आणि त्यानंतर त्यांनी आपले चित्रपटांचे बिऱ्हाड नाशिकला हलवले. मुलांना सांगण्याजोगी गोष्ट मात्र त्याच्या आधीची आहे. कॅमेरा हाताळून पाहण्यासाठी फाळक्यांनी वाटाणा पेरला आणि रोपाची थोडी थोडी चित्रे रोज घेत ते दिवसेंदिवस बसले. ती चित्रे भराभर दाखवली, तेव्हा पडद्यावर वाटाण्याचे झाड पाहता पाहता वाढले! आज हा प्रयोग आपल्या मोबाइलवरही करता येतो. कुंडीत वाटाणा लावा, रोज त्याच जागेवरून एक छायाचित्र काढा. सुट्टी संपेल, पण सहल महिनाभर चालू राहील.

तिसरा दिवस असेल, तर दोहोंपैकी एक निवडावे. सिन्नरजवळ माळेगावच्या औद्योगिक वसाहतीत 'गारगोटी' नावाचे खनिजांचे संग्रहालय आहे. आपल्या दख्खनचा काळा दगड लाव्हारसाचा. तो थिजताना त्यात बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या आणि त्यांत झिरपलेल्या पाण्यातून हळूहळू स्फटिक जमत गेले. हे समजावण्यासाठी दिवाळीइतका योग्य काळ नाही. अनारशाची जाळी दाखवा आणि सांगा, दगडालाही अशीच जाळी पडली, मग तिच्यात खडीसाखर धरली. मूल दगडाकडे पुढे कधी नुसता दगड म्हणून पाहणार नाही.

मूल पहाटे उठणारे असेल, तर नांदूरमध्यमेश्वर. निफाड तालुक्यात गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ इंग्रजी अमदानीत बंधारा झाला. त्यामागे गाळ साचला, उथळ पाणी आणि बेटे तयार झाली आणि पाखरांचे फावले. २०२० साली रामसर यादीत गेलेली ही महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा. थंडी पडू लागली, की दूरदेशीचे पाहुणे येऊ लागतात. सगळ्या पक्ष्यांची नावे पाठ करवू नयेत. चमच्यासारख्या चोचीचा चमचा आणि काळ्या अंगावर कपाळी पांढरा टिळा लावलेला चांदवा, एवढे दोघे ओळखता आले, तरी पुष्कळ. लाल-पिवळे कपडे घालू नयेत, खाऊची कागदे तिथे टाकू नयेत आणि मुलाला अर्धा तास गप्प बसवण्याची पैज लावावी. बहुधा ते जिंकते आणि हरतात ते वडील.

सोय म्हणून चार गोष्टी. सकाळची मिसळ मोठ्यांनी खावी. मुलासाठी दही-पोहे किंवा मऊ भात बरोबर न्यावा. चिवडा परतीच्या गाडीसाठी ठेवावा. द्राक्षांचा खरा हंगाम संक्रांतीनंतरचा, म्हणून दिवाळीत त्यांचा हट्ट धरू नये. संग्रहालयाची वेळ फोनवर विचारून घ्यावी, कारण बंद दारापाशी लहान मुलाची समजूत घालणे ब्रह्मदेवालाही जमलेले नाही.

आणि शेवटचे म्हणजे, एखादे ठिकाण मुद्दाम पाहायचे ठेवावे. आगगाडीत मुलाने विचारले, "आपण ते का नाही पाहिले?" तर म्हणावे, "पुढच्या खेपेला, तू चार फुटांचा झालास की!" मग भिंतीवर पेन्सिलीने खूण करून ते रोज आपली उंची मोजू लागेल आणि नाशिकची वाट पाहील.