पहिल्या आठवड्यातला ताप

पावसाळा सरत आला की कामतघरच्या दवाखान्यांत तापाच्या रुग्णांची रांग लागते. मलेरिया, डेंग्यू, विषमज्वर, फार तर लेप्टो. चिठ्ठीवरची तपासण्यांची नावे ठरलेली असतात. त्यांत काही निघाले नाही, तर ‘व्हायरल’ म्हणून रुग्णाला घरी पाठवले जाते. स्क्रब टायफस हे नाव या चिठ्ठीवर क्वचितच येते. ते यायला हवे. भिवंडीच्या यंत्रमागांवर राबणाऱ्यांत पूर्व उत्तर प्रदेशातून आलेले अनेक आहेत आणि शेतीच्या हंगामात गावी जाऊन येणारेही. या आजाराचा जंतू शरीरात शिरल्यापासून ताप चढेपर्यंत ६ ते २१ दिवस जाऊ शकतात. म्हणजे चावा गोरखपूरकडच्या बांधावर आणि ताप वऱ्हाळा तलावाजवळच्या खोलीत, असे सहज घडू शकते.

गोरखपूरचे नाव उगाच घेतलेले नाही. तिथे दर पावसाळ्यात मेंदूज्वराने मुले दगावत आणि वर्षानुवर्षे दोष जपानी मेंदूज्वराच्या विषाणूकडे जाई. गेल्या दशकात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शास्त्रज्ञांनी या मुलांचे नमुने तपासले, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांत स्क्रब टायफसची प्रतिपिंडे सापडली. विषाणूवर नेमके औषध नव्हते, या जिवाणूवर मात्र होते, तेही स्वस्त.

महाराष्ट्राला याची जाणीव झाली ती २०१८ च्या पावसाळ्यात. नागपूर आणि विदर्भात रुग्ण सापडू लागले, काही दगावले आणि ‘स्क्रब टायफस’ हा शब्द वर्तमानपत्रांच्या मथळ्यांत आला. त्याआधी तो विदर्भात नव्हता असे नाही. शोधणारे थोडे होते, इतकेच.

ओरिएन्शिया सुत्सुगामुशी हे या जिवाणूचे नाव. गवताझुडपांत राहणाऱ्या बारीक माइटची अळी चावली की तो माणसात येतो. अळी डोळ्यांना जेमतेम दिसते आणि चावाही कळत नाही. चावल्या जागी काही रुग्णांत सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली धरते; पण ती काखेत, जांघेत, कमरेच्या नाडीखाली. गर्दीच्या ओपीडीत कोण कोणाला कपडे सैल करायला सांगणार? बाई रुग्ण असेल तर विचारायलाच नको.

खपली दिसली नाही की भिस्त रक्ततपासणीवर येते. सध्याची मुख्य चाचणी एलायझाची. ती जिवाणूला शोधत नाही, शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे शोधते आणि ती तयार व्हायला साधारण आठवडा लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी केलेली चाचणी निगेटिव्ह येते, रुग्ण निर्धास्त होतो आणि दुसऱ्या आठवड्यात फुप्फुस, मूत्रपिंड किंवा मेंदूवर हल्ला होतो. अजूनही काही ठिकाणी केली जाणारी जुनी वेल-फेलिक्स चाचणी तर याहून कच्ची. ती प्रोटियस या भलत्याच जिवाणूच्या आधारे अंदाज बांधते.

जनुकीय चाचणीचे मोल इथे आहे. पीसीआर थेट जिवाणूच्या डीएनएचा तुकडा शोधते, म्हणून ती पहिल्या आठवड्यातच उत्तर देऊ शकते. पण ‘पीसीआर आणा, प्रश्न सुटला’ असे मानणे भाबडेपणाचे. हा जिवाणू पेशींच्या आत दडतो आणि रक्तात फार थोडा असतो. एकच प्रत असलेले जनुक शोधले, तर नमुन्यात ते हाती लागेलच असे नाही. म्हणून संशोधकांनी एकाच जिवाणूत अनेक प्रती असलेली जनुके हेरली. ‘ट्रा-डी’ हे त्यांतले एक. दुसरी अडचण जातींची. ज्या ५६ किलोडाल्टन प्रथिनाच्या जनुकावर बऱ्याच चाचण्या बेतल्या आहेत, ते प्रदेशागणिक बदलते. परदेशी जातींवरून आखलेली चाचणी आपल्याकडच्या जिवाणूला चुकवू शकते. विदर्भातले, कोकणातले नमुने गोळा करून त्यांवर चाचणी पारखून घेणे हे संशोधनाचे काम आहे आणि त्याला पैसा लागतो. रक्तापेक्षा खपलीच्या नमुन्यात जिवाणू अधिक सापडतो, म्हणजे डॉक्टरांच्या डोळ्यांची गरज प्रयोगशाळेलाही आहेच.

यंत्रांची सबब आता फारशी चालणार नाही. करोनाकाळात जिल्ह्याजिल्ह्यांत पीसीआर प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. भारतात विकसित झालेले ट्रूनॅट हे बॅटरीवर चालणारे यंत्र क्षयरोगासाठी तालुक्यापर्यंत पोहोचले आहे. चिप बदलली की तेच यंत्र दुसरा आजार तपासते, हे आपण करोनात पाहिले. चार महिन्यांच्या तापाच्या हंगामात या यंत्रणेचा थोडा वेळ स्क्रब टायफसला देणे हा नियोजनाचा प्रश्न आहे.

तोवर रुग्णाने अहवालाची वाट पाहत बसू नये. डॉक्सीसायक्लिन हे काही रुपयांचे औषध वेळेवर सुरू झाले, तर बहुधा दोन दिवसांत ताप उतरू लागतो. सेफ्ट्रायॅक्झोनसारखी महागडी इंजेक्शने या जिवाणूवर चालत नाहीत. गंभीर रुग्णांसाठी वेल्लोरच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने देशातल्या सुमारे ८०० रुग्णांवर झालेल्या अभ्यासात डॉक्सीसायक्लिन आणि अ‍ॅझिथ्रोमायसिन शिरेतून एकत्र देणे अधिक गुणकारी ठरले. तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. औषध कोणते आणि किती, हे डॉक्टरांनीच ठरवायचे. ताप पाच दिवसांहून लांबला असेल, तर गावी, शेतात किंवा गवतात जाणे झाले होते का, हे त्यांना आपणहून सांगावे. आणि त्यांनी अंगावर कुठे काळी खपली आहे का असे विचारले, तर लाजू नये.