झाकलेले व्यसन

गृहस्थाने ज्या सात व्यसनांचा त्याग करावा असे जैन आचारधर्म सांगतो, त्यांत मद्याचाही समावेश आहे. हे संस्कार बालपणापासून झालेल्या घरात एखादा तरुण नशेच्या आहारी जातो, तेव्हा घराला दुःखाआधी लाज वाटते. परंड्यासारख्या तालुक्याच्या गावी, जिथे दुकानाची पत हीच घराण्याची पत, तिथे तर ही गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ नये यासाठीच सारी शक्ती खर्च होते. गल्ल्यात कमी पडलेली रक्कम वडील किरकोळ खर्चात दाखवतात. आई नाहीशी झालेली अंगठी हरवली म्हणून सांगते. थोरला भाऊ बाहेरची उधारी गुपचूप फेडतो.

हे संकट मोठ्या शहरांपुरते राहिलेले नाही. 2025 साली तुळजापूरचे एमडी प्रकरण उघडकीस आले आणि धाराशिव जिल्ह्यातील पालकांना त्याची जाणीव झाली. एमडी म्हणजे मेफेड्रोन, प्रयोगशाळेत तयार होणारा उत्तेजक पदार्थ.

व्यसन कसे जडते, हे समजून घेतले पाहिजे. पहिला अनुभव बहुधा मित्रांच्या आग्रहाने, कुतूहलाने किंवा मनावरचा ताण विसरण्यासाठी घेतला जातो. अमली पदार्थामुळे मेंदूत सुखाची जाणीव देणाऱ्या डोपामीन या रसायनाची लाट उसळते. वारंवार सेवनाने मेंदू त्या लाटेला सरावतो. पूर्वीच्या मात्रेने समाधान होत नाही, म्हणून मात्रा वाढते. पुढे सुखासाठी नव्हे, तर त्रास टळावा म्हणून सेवन करावे लागते. गर्द घेणाऱ्याला ती न मिळाल्यास अंग ठणकते, नाकाडोळ्यांतून पाणी वाहते, जुलाब होतात, झोप उडते. सेवन केले की त्रास थांबतो. मात्र पाठोपाठ पश्चात्ताप येतो. पश्चात्तापातून निश्चय होतो. निश्चय ढळला की मन अधिक खचते आणि खचलेले मन पुन्हा त्याच पदार्थाकडे धाव घेते. हेच व्यसनाचे चक्र.

या टप्प्यावर घरचे लोक त्याला शपथ घालतात. कोणी शेजारच्या भूम तालुक्यातील कुंथलगिरीला नेऊन नियम घ्यायला लावतात. नियम घेताना त्या तरुणाचे डोळे खरोखरच भरून येतात. त्यात ढोंग नसते. परंतु केवळ निश्चयाच्या बळावर शरीराची ओढ थांबत नाही. काही दिवसांत नियम मोडतो आणि नशेच्या अपराधात नियमभंगाचा अपराध मिळतो. घर म्हणते, ‘याला देवाधर्माचीही चाड राहिली नाही.’ वास्तविक त्याला उपचारांची गरज असते.

चक्राचा आणखी एक भाग घरच्यांच्या हाती असतो. प्रत्येक वेळी कर्ज फेडले, प्रत्येक वेळी खोटे सांगून सांभाळून घेतले, तर व्यसनाचे परिणाम व्यसनी माणसापर्यंत पोहोचतच नाहीत. प्रेमापोटी केलेली ही झाकपाक व्यसनाला आणखी एक वर्ष मिळवून देते. मुलगा तयार होईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. मदत घेण्याचा पहिला निर्णय घरच्यांनाही घेता येतो.

महाराष्ट्रात या विचाराला संस्थेचे रूप 1986 साली मिळाले. पत्रकार अनिल अवचट यांनी गर्दच्या व्यसनावर लेखमाला लिहिली. ती वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले व त्यांनी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट यांच्या नेतृत्वाखाली 29 ऑगस्ट 1986 रोजी पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. व्यसनी मनुष्य दुष्ट नसून आजारी आहे, ही तेथील कामाची बैठक. म्हणूनच तिथे दाखल झालेल्याला ‘रुग्णमित्र’ म्हणतात. पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट आहे, कारण आजार एकाला जडला तरी होरपळते सारे घर.

उपचारांच्या बाबतीत काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. दीर्घकाळ भरपूर मद्य घेणाऱ्याने ते घरच्या घरी एकाएकी बंद करू नये. झटके येऊन प्राणावर बेतू शकते. वैद्यकीय देखरेख आवश्यक असते. खोलीत कोंडणे किंवा मारहाण करणे हे उपचार नव्हेत. मानसिक आरोग्य कायदा, 2017 नुसार मद्य व अमली पदार्थांच्या गैरवापराशी निगडित विकार मानसिक आजारांत मोडतात. पोलिसांच्या भयाने अनेक जण मागे सरतात. परंतु अमली पदार्थ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात ते बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती शासकीय अथवा शासनमान्य संस्थेत स्वेच्छेने पूर्ण उपचार घेत असेल, तर 1985 च्या कायद्यातील कलम 64-अ तिला खटल्यापासून संरक्षण देते. शासनाचा 14446 हा व्यसनमुक्तीसाठीचा निःशुल्क दूरध्वनी आहे. त्यावर घरच्यांनीही बोलावे.

उपचारांनंतरही कधी पाय घसरू शकतो. मधुमेह्याची साखर एखाद्या महिन्यात वाढली, म्हणून कोणी औषध सोडत नाही. इथेही पुन्हा उपचारांकडे वळावे. दुकानावर बसवताना सुरुवातीला रोख व्यवहार दुसऱ्याकडे ठेवावा, जुनी संगत टाळण्यास साहाय्य करावे. मात्र चार लोकांत टोमणे मारू नयेत.

आपल्या परंपरेत प्रायश्चित्ताचा आरंभ आलोचनेने होतो. आलोचना म्हणजे घडलेला दोष काहीही न लपवता गुरूंसमोर सांगणे. व्यसनाच्या बाबतीत तेच डॉक्टरांसमोर करावयाचे आहे. पत सांभाळण्यासाठी वर्षानुवर्षे मौन पाळलेल्या घराला ते पहिले वाक्य उच्चारणे फार जड जाते. परंतु ‘आमच्या मुलाला व्यसन लागले आहे, आम्हाला मदत हवी’ एवढे एखाद्या वडिलांनी म्हटले, की त्या रात्री त्या घरात पुष्कळ दिवसांनी कोणाला तरी शांत झोप लागते.