नागपूरला एक टेबल मांडा

प्रति,
माननीय सचिव,
पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभाग,
भारत सरकार, नवी दिल्ली.

महोदय,


गोंदिया जिल्ह्यातून आपल्या खात्याकडे पत्रं येत असतील ती लाळ्या-खुरकुताच्या लशीसाठी, दुधाच्या दरासाठी, नाहीतर दवाखान्यातल्या रिकाम्या जागांसाठी. हे पत्र कुत्र्याबद्दल आहे आणि तेही परदेशी जायला निघालेल्या. कुणाला हसू येईल, येऊ द्या. पण ज्या शिक्क्याशिवाय कुत्र्याला विमानात चढता येत नाही तो शिक्का आपल्याच हाताखालच्या पशू विलगीकरण व प्रमाणन सेवेचा आहे. म्हणून हे गाऱ्हाणं आपल्याकडे.

फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला. नर्स, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन तिकडे हवेत, आणि पोरं आमच्याकडे आहेत. कराराच्या आधीही ती आपापल्या वाटेनं जातच होती. गोरेगाव तालुक्यातल्या आमच्या ओळखीच्या घरचा मुलगा असाच गेला. मागं राहिला काळ्या: गावठी, लांब तोंडाचा, एक कान पडलेला. मुलाचा जीव त्याच्यावर, आणि आता आईलाही गुडघ्यांमुळं त्याचं करणं होत नाही. तेव्हा काळ्याला तिकडे न्यायचं ठरलं, आणि घरातलं कुणीतरी लसीकरणाची पुस्तिका घेऊन माझ्याकडे आलं.

पुस्तिका चांगली होती. रेबीजच्या लशीचं स्टिकर, तारीख, डॉक्टरांची सही, सगळं जागच्या जागी. पुढच्या पानावर मायक्रोचिपचं स्टिकर, पंधरा आकडी नंबर. घोटाळा एवढाच की चिपची तारीख लशीच्या नंतरची. युरोपीय संघाच्या लेखी अशी लस टोचलेलीच नाही. आधी चिप, मग लस. फार तर दोन्ही एकाच दिवशी. कारण सरळ आहे. नंबर नसलेल्या कुत्र्याला टोचलेली लस कुठल्या कुत्र्याला टोचली हे कागदावरून सिद्ध होत नाही. चिप दिसायला धानाच्या दाण्याएवढी. धानाच्या जिल्ह्यात ती बघून कुणाला नवल वाटत नाही, पण ती कधी घालायची हे त्या घराला कुणी सांगितलं नव्हतं. डॉक्टरांना तरी काय बोल लावायचा? कुत्रा गावात राहणार असता तर चिप अलीकडे घातली काय नि पलीकडे घातली काय, काहीच बिघडलं नसतं.

मग लस पुन्हा. त्यानंतर किमान तीस दिवस थांबायचं, मग रक्त काढायचं. रक्तातला सीरम वेगळा करून, नळीवर तोच पंधरा आकडी नंबर लिहून, थंड पेटीत घालून युरोपीय संघाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेकडे रवाना करायचा. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तेव्हा या थंड पेटीची काळजी कुत्र्यापेक्षा जास्त घ्यावी लागते. प्रतिपिंडांचं प्रमाण मिलिलिटरला 0.5 आंतरराष्ट्रीय एकक किंवा त्याहून जास्त आलं की पास. तरी लगेच निघता येत नाही. रक्त काढल्या दिवसापासून तीन महिने जावे लागतात. अहवाल आल्या दिवसापासून नव्हे. इथंही लोक हमखास चुकतात, फक्त ही चूक महागात पडत नाही, नुसता उशीर करवते. आणि मधे बूस्टरची तारीख एक दिवसानं जरी हुकली, तरी तपासणी बाद, पुन्हा पहिल्यापासून. बूस्टर वेळेवर दिला तर मात्र हाच अहवाल कुत्र्याला जन्मभर पुरतो.

हे नियम मला जाचक वाटत नाहीत. जगात रेबीजनं होणाऱ्या मृत्यूंपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतात होतात, असं जागतिक आरोग्य संघटनेचं अनुमान आहे. ज्या देशांतल्या कुत्र्यांना ही रक्ततपासणी लागत नाही, त्या युरोपच्या यादीत आपण नाही ते याच कारणानं, त्यांनी आपल्याशी वैर धरलं म्हणून नाही. ब्रिटन तर 2011 अखेरपर्यंत भारतासारख्या देशांतून आलेल्या कुत्र्याला सहा महिने कोंडून ठेवायचा. ऑस्ट्रेलियात आजही भारतातून थेट कुत्रा नेता येत नाही, आधी तिसऱ्या एखाद्या मान्य देशात त्याचा मुक्काम घडवावा लागतो. अमेरिकेनं 1 ऑगस्ट 2024 पासून भारतासारख्या देशांतून येणारा कुत्रा किमान सहा महिन्यांचा हवा, चिप हवी, लशीच्या फॉर्मवर सरकारी पशुवैद्याचा शिक्का हवा, असं ठरवलं. ब्रिटनला जाणाऱ्या कुत्र्याला फीतकृमीचं औषध तिथं उतरण्याआधी 24 ते 120 तासांच्या आत द्यावं लागतं आणि डॉक्टरांनी नुसती तारीख नाही, घड्याळातली वेळही लिहावी लागते. जर्मनीला ते लागत नाही, फिनलंडला लागतं. ज्याचं त्याचं शास्त्र. तक्रार नियमांबद्दल नाही. ते गोंदियापर्यंत पोचतच नाहीत, ही आहे.

पोचतात ते मुंबई-दिल्लीच्या एजंटांपर्यंत. पेट रिलोकेशन म्हणतात त्या धंद्याला. कुत्रा विमानात बसेपर्यंत आकडा लाखात जातो. त्यातला मोठा वाटा विमानभाड्याचा असतो हे मान्य, पण बाकीचा नुसत्या माहितीचा. आधी चिप मग लस, ही चार शब्दांची माहिती आमच्या दवाखान्याच्या भिंतीवर फुकट लिहिता येते.

काळ्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट उशिरा कळली. युरोपात पाळीव कुत्रा म्हणून न्यायचा तर मालकाच्या आणि त्याच्या प्रवासात पाच दिवसांहून जास्त अंतर चालत नाही. त्याहून जास्त झालं की तोच कुत्रा व्यापारी माल ठरतो आणि सगळा कागदच बदलतो. म्हणजे मुलानं आधी जायचं, खोली-नोकरी लावायची नि मग सहा महिन्यांनी कुत्रा मागवायचा, हा सरळ संसारी हिशेब इथं बसत नाही. त्याला सुट्टी टाकून परत यावं लागणार. हे निघण्याआधी कळलं असतं तर कदाचित त्यानं चिप-लशीचं वेळापत्रक आधीच लावलं असतं.

आणि शेवटचा टप्पा मुंबई. आपल्या सेवेची केंद्रं मुंबई, दिल्ली, कोलकाता, चेन्नई, बंगळुरू, हैदराबाद अशा मोठ्या शहरांत. आरोग्य प्रमाणपत्र मिळाल्यापासून दहा दिवसांत युरोपात उतरायचं असतं, त्यामुळं तपासणीला कुत्रा घेऊन हजर व्हायचं ते अगदी प्रवासाच्या तोंडावर. गोंदियाहून मुंबई रेल्वेनं साडेनऊशे किलोमीटरच्या वर. विदर्भ एक्सप्रेस आमच्याच स्टेशनातून सुटते, हे नशीब. पण कुत्रा सोबत न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे हवा, आणि तो मिळेल की नाही हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही. नाही मिळाला तर गार्डच्या डब्यातली डॉग बॉक्स. रात्रभर त्या पेटीत थरथरलेला कुत्रा सकाळी तपासणीला उभा केला, तर डॉक्टरांना तो आजारीच वाटायचा.

म्हणून मुख्य मागणी एकच आहे, मोठी नाही. नागपूरला एक टेबल मांडा. तिथं आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं मुख्यालय आहे, जुनं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. कोचीच्या विमानतळावर 2024 मध्ये आपल्या सेवेचं केंद्र सुरू झालंच की. आम्ही कोचीएवढं मागत नाही. महिन्यातून ठरलेल्या दोन दिवशी आपला अधिकारी विद्यापीठात बसला, चिप वाचली, कागद पाहिले, सही केली, तरी गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर, आणि पलीकडचे बालाघाट-राजनांदगावसुद्धा सुटतील. तातडीनं काही करता येत नाही असं म्हणू नका. 2022 मध्ये युक्रेनमधून आपली मुलं कुत्री-मांजरं कवटाळून परतत होती, तेव्हा आपल्याच विभागानं एका पत्रकानं अटी शिथिल केल्या होत्या. चांगलंच केलं होतं.

मोजक्या कुत्र्यांसाठी एवढा खटाटोप कशाला, असं आपल्या कार्यालयात कुणी म्हणेल. तर आपल्याच मंत्रालयानं आरोग्य मंत्रालयासोबत सप्टेंबर 2021 मध्ये 2030 पर्यंत कुत्र्यांपासून होणारा रेबीज संपवण्याचा आराखडा जाहीर केला आहे. त्यालाही हेच लागणार: कुठला कुत्रा, कुठली लस, कधी. आमच्या गोठ्यातल्या गायीच्या कानात बारा आकडी बिल्ला आहे आणि तिच्या लशीची नोंद आपल्या ‘भारत पशुधन’वर दिसते. कुत्र्याला ती सोय नाही. प्रत्येक जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयात चिप आणि ती वाचायचं यंत्र ठेवलं, तर परदेशी जाणारा कुत्रा हा त्यातला अगदी छोटा लाभार्थी असेल. दवाखाने राज्याचे आणि जिल्हा परिषदेचे, हे ठाऊक आहे. पण दिल्लीहून सूचना आली की इथली फाईल जरा लवकर हलते.

आणि दवाखान्यांच्या भिंतीवर लावायला या क्रमाचं एक पत्रक काढा, मराठीबरोबर हिंदीतही. आमगाव-सालेकशाकडे त्याची गरज पडते. त्यात देशवार तक्ते नकोत, ते दर वर्षी बदलतात आणि जुना तक्ता भिंतीवर तसाच राहतो. फक्त क्रम लिहा, कुठल्या कामाला किती दिवस धरायचे ते लिहा आणि खाली नागपूरच्या तपासणीचे वार. शक्यतो सोमवार नको. तपासणीआधी डॉक्टरांची सही घ्यायला मधे एक कामाचा दिवस हवा असतो.

कळावे,
गोंदिया जिल्ह्यातील एक नागरिक