पन्नास हजार एक रुपया

मागच्या वीकेंडला गावी जाऊन आलो. गाव म्हणजे वडनेर भोलजी, तालुका नांदुरा, जिल्हा बुलडाणा. पुण्यात हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे नक्की कुठे रे?" तर मुंबईहून कोलकात्याकडे जाणारा हायवे मलकापूर सोडून नांदुऱ्याकडे निघाला की मधे लागतं ते. नांदुऱ्याचा १०५ फुटी हनुमान फोटोत पाहिला असेल, त्याच्या जरा अलीकडे.

तिथे माझ्या चुलतभावाचं झेरॉक्सचं दुकान आहे. आम्ही त्याला दादाच म्हणतो. लहानपणी पोलिओ झाला, एक पाय गेला. सर्टिफिकेटवर ६० टक्के. मागे दोन जास्तीची चाकं लावलेल्या स्कूटीवर दुकानात येतो. झेरॉक्स हे नावाला, खरा धंदा ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचा. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, दिव्यांगांचं यूडीआयडी कार्ड, सगळं. महिन्याला सात-साडेसात हजार सुटतात म्हणाला.

शनिवारी दुपारी दुकानात गप्पा मारत बसलो होतो. मी नेहमीप्रमाणे टॅक्सबद्दल कुरकुर करत होतो. (आपल्या लोकांचे दोनच विषय, टॅक्स आणि ट्रॅफिक.) दादा ऐकत होता. मग म्हणाला, "बाबू, तुह्यापेक्षा जास्त टॅक्स तं मी भरतो."

मी हसलो. वर्षाला नव्वद हजार कमावणारा माणूस कसला टॅक्स भरतो! मग त्याने हिशोब सांगितला आणि माझं हसू गेलं. परतीच्या गाडीत लॅपटॉप उघडून तोच हिशोब एक्सेलमध्ये मांडला. तो बरोबर निघाला.

नमनाला घडाभर तेल झालं, आता मुद्द्यावर येतो.

महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिच्यात दिव्यांगांना महिना १५०० रुपये मिळायचे, २०२५ मध्ये सरकारने ते २५०० केले. चांगलं केलं, त्याबद्दल तक्रार नाही. वर्षाचे झाले ३० हजार. पण दादाने २०२५ मध्ये चौकशी केली तेव्हा अट होती, दिव्यांग अर्जदाराच्या कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५० हजारांच्या आत हवं. महिन्याला भागिले की ४,१६६ रुपये. एका माणसाचे नव्हे, अख्ख्या कुटुंबाचे.

आता गंमत बघा. कुटुंबाचं उत्पन्न बरोबर ५० हजार असेल तर हातात ८० हजार येतात. एक रुपया जास्त कमावला, म्हणजे ५०,००१ झाले, तर हातात ५०,००१च राहतात. एका रुपयाच्या कमाईवर ३० हजार रुपये गेले! तिथून पुन्हा ८० हजारांपर्यंत पोचायला जवळजवळ ३० हजार अंगमेहनतीने कमवायचे, म्हणजे तुम्ही जिथे होता तिथे परत येता. दादा नव्वद हजार कमावतो. घरी बसून पन्नास हजार दाखवणाऱ्या माणसापेक्षा त्याच्या हातात फक्त दहा हजार जास्त पडतात. वर्षभर रोज दहा तास दुकान उघडून!

"दुकान बंद केलं तं सरकार अडीच हजार देते. चालू ठेवलं तं काहीच नाही. आता तूच सांग, मी काय करू?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

ह्याला कायद्यात टॅक्स म्हणत नाहीत. ह्याचं नाव 'अपात्र'. पण माणसाने जास्त कमावलं म्हणून सरकार त्याच्याकडून पैसे काढून घेतं, ह्याला दुसरं काय म्हणायचं? नव्या कररचनेत देशातल्या सगळ्यात श्रीमंत माणसाला सरचार्ज, सेस सगळं धरून वरच्या रुपयावर जास्तीत जास्त ३९ पैसे भरावे लागतात. आमच्या दादाच्या वर्गातल्या माणसाला एका रुपयावर तीस हजार.

आणि असं नका म्हणू की सरकारला हे गणित कळत नाही. चांगलं कळतं. २०२५ च्या बजेटमध्ये १२ लाखांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त झालं तेव्हा आपण सगळ्यांनी ऑफिसात पेढे खाल्ले. तिथेही हीच अडचण होती. १२ लाख १० हजार करपात्र उत्पन्न असेल तर स्लॅबप्रमाणे ६१,५०० रुपये कर होतो. वरच्या दहा हजारांसाठी साडेएकसष्ट हजार कसे मागायचे? म्हणून 'मार्जिनल रिलीफ' दिला. कर दहा हजारांवरच थांबतो, वर थोडा सेस. म्हणजे बारा लाखवाल्याचा पाय कड्यावरून घसरू नये म्हणून सरकारने कठडा बांधला. पन्नास हजारवाल्याच्या कड्याला कठडा नाही. फॉर्म्युला तोच, फक्त कॉपी-पेस्ट करायचा होता!

ह्याच राज्यात लाडकी बहीण योजनेला उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. बहिणींना मिळतंय त्याचा आनंदच आहे, त्यांच्या ताटातलं काढा असं मी म्हणत नाही. पण सुदृढ बाईला अडीच लाखांपर्यंत मदत आणि पाय नसलेल्या माणसाला पन्नास हजारांपर्यंत, हे कुठल्या तर्कात बसतं ते मला कुणीतरी समजावून सांगा.

आता तुम्ही म्हणाल, हे गावाकडचं झालं, आपल्या जगात असं नसतं. मग आपल्या जगात या.

माझ्या टीममध्ये एक जण आहे. अपघातात मणक्याला मार लागला, ८० टक्क्यांच्या वर अपंगत्व. पगार वर्षाला १५ लाख. ऐकायला छान वाटतं. पण तो बसने येऊ शकत नाही, त्याला रोज कॅब लागते. तिसऱ्या मजल्यावरचा स्वस्त फ्लॅट त्याला चालत नाही, लिफ्टवालीच बिल्डिंग लागते. मदतीला माणूस लागतो. खुर्चीची बॅटरी दर काही वर्षांनी बदलायची. म्हणजे माझे १५ लाख आणि त्याचे १५ लाख हे एकच १५ लाख नाहीत.

हे पूर्वी आयकर कायद्याला मान्य होतं. १९६१ च्या कायद्यातलं ८०यू हे कलम ४० टक्क्यांच्या वर अपंगत्व असेल तर ७५ हजारांची आणि ८० टक्क्यांच्या वर असेल तर सव्वा लाखाची वजावट द्यायचं. अपंग मूल किंवा आईवडील सांभाळणाऱ्यांना तशीच वजावट ८०डीडी खाली. (२०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे आकडे बदलले.) हे आकडे २०१५ पासून तिथेच गोठलेत, पण निदान आहेत. मात्र २०२० मध्ये जी 'नवी कररचना' आली आणि २०२३ पासून डिफॉल्ट झाली, तिच्यात ह्या दोन्ही वजावटी नाहीत.

"जुनी रचना निवडता येते की!" येते. ३१ मार्चच्या आत करतो तसा हिशोब करू. २०२५-२६ चे दर. नव्या रचनेत १५ लाख पगारातून ७५ हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन गेलं, करपात्र १४.२५ लाख, सेससह कर ९७,५०० रुपये. जुन्या रचनेत ५० हजारांचं स्टँडर्ड डिडक्शन, सव्वा लाख ८०यू, आणि वर ८०सीचे पूर्ण दीड लाख. करपात्र ११.७५ लाख. कर किती? १,७१,६००. म्हणजे अपंगत्वाची सवलत घ्यायची असेल तर आधी ७४,१०० रुपये जास्त भरा. हा पर्याय नव्हे, ही थट्टा आहे. हाच सव्वा लाख नव्या रचनेत वजा होऊ दिला असता तर त्याचा कर ७८ हजार झाला असता. सगळी लढाई १९,५०० रुपयांची आहे.

सरकारचं म्हणणं, रचना सोपी करायची आहे, सवलतींचं जंगल साफ करायचंय. मी पोटापाण्यासाठी कोडच लिहितो, त्यामुळे साफसफाईचा मोह मला कळतो. जुना, गबाळा कोड समोर आला की वाटतं, हे सगळे इफ-एल्स उडवून टाकावेत. उडवले की कोड सुंदर दिसतो, आणि पहिल्याच रात्री प्रॉडक्शनमधून फोन येतो. कारण त्यातला एखादा इफ कुणीतरी खऱ्या माणसासाठी टाकलेला असतो. ८०यू हा तसला इफ होता. तो ८०सीसारखा बचतीला गोंजारणारा नव्हता, तरी एकाच झाडूने दोन्ही झाडले.

मुळात ही 'सवलत' आहे हीच समजूत चुकीची आहे. नव्या रचनेतसुद्धा धंदेवाल्याला धंद्याचा खर्च वजा करता येतो. धंद्याची गाडी, तिचा घसारा, ड्रायव्हरचा पगार, सगळं वजा करून उरेल त्यावर कर. का? कारण कमावण्यासाठी केलेला खर्च म्हणजे उत्पन्न नव्हे. मग माझ्या मित्राची कॅब काय हौस आहे? ती नसेल तर तो कमावूच शकत नाही. गंमत म्हणजे नव्या रचनेलाही हे थोडंसं पटलेलं आहे. अपंग कर्मचाऱ्याला कंपनीने प्रवासभत्ता दिला तर २०२५-२६ मध्ये महिना ३,२०० रुपयांपर्यंत तो तिथेही करमुक्त होता. म्हणजे तत्त्व मान्य, पण कंपनीने पगारपत्रकात तशी ओळ टाकली तरच. स्वतःचं दुकान असलेल्यांनी काय करायचं?

तीच गोष्ट जीएसटीची. श्रवणयंत्रावर कर शून्य, पण व्हीलचेअरवर ५ टक्के. आमची कंपनी ऑफिससाठी फिरत्या खुर्च्या घेते, त्यावर १८ टक्के भरते आणि इनपुट क्रेडिट म्हणून ते वळतं करून घेते. माझा मित्र चाकांची खुर्ची घेतो, त्याचे ५ टक्के गेले ते गेले. २०१७ मध्ये निपुण मल्होत्रा ह्यांनी ह्याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. सरकारचा तेव्हाचा खुलासा असा, की कर शून्य केला तर देशातल्या उत्पादकांना कच्च्या मालावरचा कर परत मिळणार नाही. तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण निर्यातीच्या मालाला आपण काय करतो? विक्रीवर कर शून्य आणि आधीचा करही परत. परदेशी गिऱ्हाइकासाठी जमतं ते आपल्या माणसासाठी का जमू नये? ब्रिटनमध्ये अपंगांच्या व्हीलचेअरवर व्हॅट शून्य आहे. तिथला अपंगत्व भत्ता करमुक्त आहे आणि तो मिळायला उत्पन्नाची अटही नाही. तो गरिबीसाठी नसून अपंगत्वामुळे वाढणाऱ्या खर्चासाठी असतो. ब्रिटन श्रीमंत आहे, मान्य. पण हा फरक समजायला श्रीमंती लागत नाही.

आपल्या कायद्यालाही तो समजतो. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा म्हणतो, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत दिव्यांगांना इतरांपेक्षा निदान २५ टक्के जास्त मदत द्या. कारण खर्च जास्त असतो. एका कायद्याने हे मान्य करायचं आणि दुसऱ्याने विसरायचं, असं आपलं चाललंय.

माझ्या मागण्या तीन, आणि तिन्ही साध्या. एक, ८०यू आणि ८०डीडी नव्या रचनेत आणा आणि २०१५ चे आकडे बदला. दोन, व्हीलचेअर, कॅलिपर, ब्रेल साधनं ह्यांना निर्यातीसारखा शून्य कर लावा. तीन, सगळ्यात महत्त्वाची: अनुदानाचा कडा काढून उतार करा. मर्यादेच्या वर कमावलेल्या दर दोन रुपयांमागे एक रुपया अनुदान कमी करा. मग पन्नास हजारांवर तीस हजार एकदम जाणार नाहीत, एक लाख दहा हजारांपर्यंत हळूहळू कमी होतील. दादाला वर्षाला दहा हजार मिळतील, आणि दुकान चालवणं हा मूर्खपणा ठरणार नाही.

"पण लोक खोटं उत्पन्न दाखवतील!" अहो, आत्ता दाखवत नाहीत का? एका रुपयावर तीस हजार लावले आहेत म्हटल्यावर खरं कोण सांगेल? खोटं बोलायला भाग पाडणारा नियम करायचा आणि मग खोटेपणावर भाषण द्यायचं, ह्याला काय अर्थ आहे!

असो. रविवारी संध्याकाळी निघताना दादाच्या दुकानात डोकावलो. गावातलाच एक जण संजय गांधी योजनेचा फॉर्म भरायला आला होता. दादाने त्याचा फॉर्म नीट भरून दिला, झेरॉक्स जोडल्या, कुठे सही करायची ते दाखवलं आणि वीस रुपये घेतले.

मग माझ्याकडे बघून म्हणाला, "हे वीस बी उत्पन्नात धरतेत बरं!"