मुरगळलेल्या पायाचा खाडा

पेव्हर ब्लॉकांवरचा माझा राग या सदराच्या वाचकांना नवा नाही. या आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी उखडून पडलेल्या अशाच एका ब्लॉकवर आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींचा पाय मुरगळला. पाऊल आत वळलं, घोट्याची बाहेरची बाजू टरारून सुजली. तशाच त्या दोन घरची भांडी उरकून आमच्याकडे आल्या.

‘‘काही नाही ताई, रात्री सासूबाई तेल लावून ओढून देतील. कट्‌ वाजलं की झालं.’’

हे ओढून देणं ऐकलं की माझा जीव घाबरा होतो. पाय मुरगळतो तेव्हा बहुतेक वेळा जागचं काही सरकलेलं नसतंच. हाडाला हाड बांधून ठेवणारे अस्थिबंध ताणलेले असतात, कधी फाटलेले असतात. ताज्या जखमेवर गरम तेलाने रगडलं की सूज वाढते. आणि हाडाला तडा असेल तर त्या ओढण्याने काय होईल! कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ साली यासाठी साधी कसोटी मांडली. चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड वा टोक दाबल्यावर दुखत असेल, तर एक्स-रे काढायचाच. नाहीतर पहिले दोन-तीन दिवस विश्रांती, इलॅस्टिकची पट्टी, पाय उशीवर उंच. कापडात गुंडाळलेल्या बर्फाने ठणका कमी होतो. मग दुखणं सोसेल तसं हळूहळू चालायला लागायचं.

मावशी चार पावलं टाकत होत्या, हाडावर दुखत नव्हतं. मी म्हटलं, आता घरी जा आणि पाय वर करून पडा. त्या म्हणाल्या, ‘‘खाडा कापतात ना.’’

त्यानंतर घोट्यापेक्षा हा खाडाच माझ्या डोक्यात बसला. एका क्रिकेटपटूचा घोटा आठवला. १९ ऑक्टोबर २०२३ रोजी पुण्याजवळ गहुंजेच्या मैदानावर स्वतःच्याच गोलंदाजीवर पायाने चेंडू अडवताना हार्दिक पांड्याचा घोटा दुखावला. षटकाचे उरलेले तीन चेंडू विराट कोहलीने टाकले. पांड्या उरलेल्या विश्वचषकालाच मुकला. त्याला थांबवलं हे योग्यच झालं. तीच विश्रांती ओट्याशी दिवसभर उभं राहणाऱ्या बाईच्या घोट्यालाही लागते. फरशी पुसताना उकिडवं बसायचं, ओल्या मोरीत तोल सांभाळायचा, जिने चढायचे, हे सगळं घोट्याच्याच जिवावर चालतं. घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा महाराष्ट्रात २००८ साली झाला. आजारपणाची भरपगारी रजा मात्र अजून घरोघरच्या मर्जीवर आहे. आमच्या इमारतीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याच संध्याकाळी ‘बदली बाई मिळेल का’ अशी विचारणा झाली. मावशींचा पाय कसा आहे, हे कुणी विचारलं नाही. मला याचा फार संताप आला आणि मी तो तिथे लिहून मोकळी झाले.

शिवाय नुसती विश्रांती पुरत नाही. पाऊल कसं पडतंय याची खबर या अस्थिबंधांतूनही मेंदूला जात असते. दुखापतीनंतर ती जाण मंदावते. सूज उतरली म्हणून व्यायाम टाळला तर तोच पाय पुन्हा पुन्हा वळतो. म्हणून भिंतीला हात टेकून एका पायावर उभं राहायचं, मग हात सोडून, मग टाचा उचलून. काही आठवडे रोज. मावशींना मी हे करून दाखवलं. ‘‘भांडी घासतानाच करीन की,’’ त्या म्हणाल्या. आत्ता नाही, जरा बरं वाटल्यावर, आणि कोरड्या जागी, असं मी बजावलं.

त्यांची चार घरं आहेत. आमच्यासकट तीन घरांनी खाडा न कापता रजा कबूल केली. चौथ्या घरच्या बाई फोनवर विचार करून सांगते म्हणाल्या. रविवारी मी त्यांच्याकडे जाणार आहे.